पदराच्या कोपऱ्यातल्या रेघा

कपडा जुना केव्हा होतो आणि ‘व्हिंटेज’ केव्हा होतो, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे साठी उलटल्यावर आले. ते मी मागितले नव्हते. काही मागणे मला जमत नाही आणि ‘नको’ म्हणणेही जमत नाही. यांतल्या दुसऱ्या उणिवेने मला आयुष्यात दोनदा गाठले. दोन्ही वेळी माझ्यासमोर दुसऱ्याच्या कपड्यांचे गाठोडे होते.

मी नगरच्या एका महाविद्यालयात, गृहशास्त्र विभागात, वस्त्रविज्ञान शिकवत होते. धागा कशाचा आहे हे ओळखण्याच्या कसोट्या, विणीचे प्रकार, रंगाचे पक्केपण, असा तो विषय. निवृत्तीनंतर सावेडीतल्या घरात मी आणि आई अशा दोघीच राहतो. आईने पंचाऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ नेली. उजेड आणि अंधार एवढे तिला कळते, बाकीचे घर ती भिंतीला हात लावून पाहते.

माझ्या भावाची मुलगी पुण्यात असते. नोकरी सोडून तिने जुने कपडे विकण्याचा व्यवसाय सुरू केला, तोही मोबाईलवर. फोटो टाकायचे, लोकांनी तिथेच मागणी नोंदवायची. कुणाचे गावचे घर रिकामे होत असते, कुणाच्या ट्रंका वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेल्या असतात; तिथून ती माल मिळवते आणि पोत्यात भरून माझ्याकडे पाठवते. पोत्यावर ती ‘अहिल्यानगर’ असे ठळक लिहिते. आईच्या तोंडी अजून नगरच आहे.

“आत्या, तू फक्त बघून सांगायचं,” पहिल्यांदा पोते घेऊन आली तेव्हा ती म्हणाली. “वीस वर्षांच्या आतलं असेल तर नुसतं जुनं. वीसच्या पुढे गेलं की व्हिंटेज. शंभरच्या पुढे अँटिक.”

“मग मी कधीचीच व्हिंटेज झाले म्हणायची.”

“तू झालीसच. आजी अजून पंधरा वर्षं थांबली की अँटिक.”

पलंगावरून आई म्हणाली, “मला नको बाई धरू त्यात. मला कोन इकत घेतंय?”

ही विद्या मी फार उशिरा शिकायला घेतली. धागा ओळखणे मला येत होते; काळ ओळखणे येत नव्हते. महिनाभर मी एका वहीत टिपणे केली. पितळी चेन असेल तर कपडा प्लॅस्टिकच्या चेनेच्या आधीचा. शिवणीचा दोरा सुती असेल तर बहुधा त्याहूनही आधीचा. कॉलरमागे शिंप्याची पट्टी असेल तर तिच्यावरच्या फोन नंबरचे आकडे मोजायचे. जितके आकडे कमी तितका शर्ट जुना. ब्लाउज उलटा करून आत किती कापड राखले आहे ते पाहायचे, कारण पूर्वीचे शिंपी बाईचे अंग पुढे भरणार हे गृहीत धरून शिवत. हे सारे झाले की कागदाच्या चिठ्ठीवर दोनांपैकी एक शब्द लिहायचा आणि ती टाचणीने कपड्याला लावायची.

नियम बरोबर होते. तरी चिठ्ठी लावताना माझा हात अडखळे. वर्गात आम्ही कोऱ्या कापडाचे तुकडे अभ्यासत होतो. इथे प्रत्येक कापडात कुणीतरी राहून गेलेले होते. एका सदऱ्याची कोपरे अशी फुगलेली होती, की टेबलावर पसरला तरी कुणी हात टेकून बसल्यासारखा दिसे. एका लोकरी बंडीच्या खिशात कापसात गुंडाळलेला दुधाचा दात निघाला. भाचीला फोन केला, तर म्हणाली, “फेकून दे ना आत्या.” मी फेकला नाही. पुन्हा कापसात गुंडाळून तिथेच ठेवला आणि खिशाचे तोंड बारीक टाक्यांनी बंद केले. ती बंडी कुणीतरी विकत घेतली. कुणा एकाचा दात आता भलत्याच माणसाच्या छातीशी आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

मला हळूहळू वाटू लागले, की वर्षे मोजून हे ठरायचे नाही. ज्या कपड्याकडे पाहून ‘हा अमक्याचा’ असे म्हणू शकणारे एकही माणूस उरलेले नाही, तो व्हिंटेज. तोवर तो त्या माणसाचाच; मग ते माणूस असो वा नसो. हा नियम मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. भाचीला मात्र सांगितला नाही. तिच्या व्यवसायात तो चालण्यासारखा नव्हता आणि सांगायचे धैर्य माझ्यात नव्हते.

ज्येष्ठाच्या अखेरीस एक पोते आले. कर्जतकडच्या एका वाडीतले बंद घर विकले गेले होते, तिथला माल. त्यात तळाशी एक इरकल साडी होती: गर्द जांभळी, सुती, पदर तांबड्या रेशमाचा. वापरून वापरून कापड इतके मऊ झाले होते, की हातात घेतल्यावर त्याचे वजन लागेना. मी पदर उलगडला. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, काठापासून बोटभर आत, एकाखाली एक अशा बारीक रेघा होत्या. कुणीतरी आडवा धागा तेवढ्यापुरता तोडून काढून घेतलेला. प्रत्येक रेघ बोटाच्या पेराएवढी. उंदीर कुरतडतो तेव्हा अंतर राखत नाही, आणि हे जीर्ण होऊन विरलेलेही नव्हते. मी भिंग आणून मोजल्या. चौदा होत्या.

मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग करायचे म्हणून कसोटी केली. पदराच्या झालरीतला एक सुटा धागा मेणबत्तीवर धरला. सुती धागा जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि रेशीम जळताना केस जळाल्याचा. हे मी कितीतरी वर्षे शिकवले आहे.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, “कुनाचे केस जळाले गं?”

“कुणाचे नाहीत, आई. रेशीम आहे.”

“कुनाचं?”

मी मेणबत्ती विझवली, साडी एका पांढऱ्या फडक्यात बांधली आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी लावली नाही.

आता ताईविषयी सांगायला हवे. ती माझी मोठी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी वडील. आमच्याकडे बीजेची कोर दिसली, की अंगावरच्या कपड्याची दशी, म्हणजे काठाचा सुटा धागा, काढून चंद्राला वाहायची आणि म्हणायचे, “जुनं घे, नवं दे.” सगळे जण टोकाचा लोंबता धागा तोडतात. ताई तसे करत नसे. लोंबता धागा आज ना उद्या गळणारच, तो देण्यात देणे कसले, असे तिचे म्हणणे. ती टाचणीने पदराच्या कोपऱ्यातला आतला धागा उचली आणि पेरभर काढून घेई. आई ओरडे, “पदराची पार चाळन करून ठिवशील.” ताई हसून म्हणे, “मग नवी मिळंल की.”

लग्नानंतर चौदाव्या महिन्यात ताई काविळीने गेली. तेराव्यानंतर तिच्या सासरच्यांनी तिची ट्रंक आणून दिली. आम्ही तेव्हा नगरच्याच जुन्या गावभागात दोन खोल्यांत राहत होतो. आईने ट्रंक एकदाच उघडली, कपडे चादरीत बांधले आणि गाठोडे माझ्या हातात दिले. “सीनेला सोडून ये,” ती म्हणाली. “सोडलं की मागं वळून बघू नको.”

मला एकविसावे चालू होते. चैत्र होता आणि सीनेत पाणी वाहत नव्हते. पुलाखाली एक डबके, त्यात म्हशी, आणि काठाला धुणे धुणाऱ्या बायका. जे पाणीच कुठे जात नव्हते त्यात मी काय सोडणार? पण खरे कारण त्याहून लहान आहे. त्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्यादेखत गाठोडे सोडले असते तर कुणीतरी काही विचारले असते. मी नुसते पाय धुतले आणि परत फिरले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बोहारीण भेटली. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांची झोळी.

“ताई, जुनंपानं काय हाय का?”

“नाही.”

“मग काखंत काय हाय?”

“हे द्यायचं नाही.”

“द्यायचं न्हाई आन् घरात बी न्ह्यायचं न्हाई,” ती म्हणाली. “तोंडावर दिसतंय की तुमच्या.”

तिने पाटी उतरवली आणि माझ्या हातातून गाठोडे घेतले. मी सोडले, असे म्हणणे अधिक खरे. ती ओट्यावर बसून एकेक साडी उन्हाकडे धरून पाहू लागली, तेव्हा मी समोरच्या भिंतीकडे पाहत होते. त्यामुळे त्या गाठोड्यात काय काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

“नेसनारी अंगानं बारीक दिसती. असती कुठं?”

“बाहेरगावी,” मी म्हणाले.

“कर्जतच्या बाजारात लई खपत्यात असल्या.” तिने झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. मी काही न मागता.

डबा लपवायला घरात जागा नव्हती. आईला मी सांगितले, की गाठोडे सोडले. आणि डबा कॉलेजात बक्षीस मिळाला. आईने तो हातात घेतला, बुडावरून एकदा अंगठा फिरवला आणि मांडणीवर ठेवून दिला. पुढे त्यात सुईदोरा, हुका, बटणे राहू लागली. आजही राहतात. चिठ्ठ्यांना लागणाऱ्या टाचण्या मी त्यातूनच घेते.

ही साडी ताईचीच, असे मी त्या दिवशी म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. बीजेला दशी काढणाऱ्या बायका पुष्कळ. आतला धागा काढणारी आणखी एखादी नसेल कशावरून? चौदा महिन्यांच्या संसारात एक पावसाळाही येऊन गेला. चौदाच्या चौदा कोरी तिला दिसल्या असतील, आणि दर वेळी तिच्या अंगावर हीच साडी असेल, असे मानणे शास्त्राला धरून नाही. ताईचा एकच फोटो आहे, लग्नानंतरचा, काळापांढरा. त्यात ती इरकल नेसली आहे. जांभळी की हिरवी, ते फोटो सांगत नाही. ते मला आठवायला हवे होते. मला आठवत नाही.

आषाढातल्या बीजेला आईने नेहमीप्रमाणे विचारले, “दिसला का गं?” दर महिन्याला मी गच्चीवर जाते, पाहते आणि खाली येऊन तिला सांगते. “दिसला,” मी म्हणाले. तिने जागेवरूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, की जांभळ्या इरकलीचे काय झाले. मी फडके सोडले. रेघा पंधरा होत्या.

मोजण्यात चूक होते. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक माप तीनदा घ्यायला लावत असू, ते याचसाठी. मी तीनदा मोजल्या आणि वहीत लिहिले: आधी चौदा, आषाढ, पंधरा. भाचीला म्हणाले, की कापडाची अजून खात्री नाही.

श्रावणातली बीज ढगांत गेली. आमच्या भागात ढग येऊन दिवसच्या दिवस उभे राहतात आणि थेंब न टाकता निघून जातात. तसे ते तीन दिवस होते. “नाही दिसला आज,” मी आईला सांगितले. “बरं,” ती म्हणाली. दोन दिवसांनी मी मागच्या खोलीत गेले. खिडकी बंद होती. फडक्याची गाठ मी मारते तशीच होती. मी उभ्यानेच मोजल्या. सोळा. वहीत लिहिताना माझे अक्षर वाकडे गेले.

मी घाबरले होते, असे लिहिले तर ते पुरते खरे होणार नाही. भीतीपेक्षा ती पकडले गेल्याची जाणीव अधिक होती. कुणीतरी मला काही न विचारता, महिन्याला एक, अशा गतीने आठवण देत होते. संध्याकाळी दिवा लावायला त्या खोलीत शिरले, की केस जळाल्याचा अगदी पुसट वास येई. ज्या मेणबत्तीवर मी धागा धरला होता ती मी फेकून दिली, तरी येई. टेबलाकडे पाठ करून उभे राहणे मला नको वाटू लागले. पोत्यांतले बाकीचे सारे कपडे मी चिठ्ठ्या लावून पुण्याला पाठवले. टेबलावर ती एकटी साडी उरली.

आईचा संशय मला कसा आला नाही, असे कुणी विचारील. जिला ताटात भाजी कुठे वाढली ते सांगावे लागते, ती रेशमातला एक धागा कसा उचलणार, असे मला वाटे. तिचे हात मी विसरले होते. याच हातांनी तिने अख्ख्या गल्लीच्या गोधड्या शिवल्या होत्या.

भाद्रपदातली बीज स्वच्छ होती. “दिसला,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी, हरतालिकेला, भाची गणपतीसाठी पुण्याहून आली. येताच तिने विचारले, “कुठाय ती इरकल? नवरात्रात जांभळ्या रंगाचा दिवस आहे ना, त्यासाठी एक बाई मागे लागली आहे. आधी नेसून फोटो काढते, मग चिठ्ठी लाव. आजच पार्सल करायचं आहे.”

मी काही म्हणायच्या आत ती मागच्या खोलीत गेली आणि साडी नेसून बाहेर आली. दिवस कलला होता. ती दारात थांबली. मागून उजेड, त्यामुळे तोंड दिसेना. नुसती आकृती, बारीक अंगाची, आणि पदराची कड. भाची ताईसारखी दिसते असे कुणी कधी म्हटलेले नाही. ती दिसतही नाही. तरी मी बसल्या जागी हाताने खुर्ची धरली.

आईने मान वर केली. तिला आकृती दिसली असेल, किंवा कापडाची सळसळ ऐकू आली असेल.

“आलीस व्हय?” ती म्हणाली. “उबी का? बस की.”

भाची हसली. “आजी, मी आहे गं. दुसरं कुणी नाही, मीच.”

“तू हायेस ते ठावं हाय मला. मी साडीला म्हनले.”

भाची माझ्याकडे पाहून डोळे मोठे करत हसली आणि उजेड जाईल म्हणून फोटो काढायला गच्चीवर पळाली. जिन्यावर तिची पावले वाजली आणि मग वाजायची थांबली. आम्ही दोघीच उरलो.

चाळीस वर्षे जे वाक्य मी मनात जुळवत होते, ते अगदी साधे निघाले. “आई, त्या दिवशी मी सीनेला काही सोडलं नाही.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“डबा आला तवापासून.” आईने मांडीवरच्या पदराची घडी नीट केली. “बक्षिसाच्या डब्यावर नाव नसतंय व्हय? चमचा दिला तरी लोक नाव घालून देत्यात. कालेज एवढं डबा देतंय आन् तुजं नाव घालाया इसरतंय?”

मला तिचा बुडावरून फिरलेला अंगठा आठवला. ते करकरीत, कोरे बूड.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू कदी खोटं बोलली नव्हतीस. एवढी हुशार पोर, आन् पयलं खोटं इतकं येड्यावानी बोललीस.” ती म्हणाली. “एक लेक गेल्ती. दुसरीला काय बोलायचं हुतं?”

मी त्या डब्याकडे पाहिले.

“त्या डब्यात कदी खायाचं ठिवलं न्हाई म्या,” आई म्हणाली. “कापडावर आलेला डबा. कापडाच्याच कामाला लावला.”

“आई, ही ताईचीच आहे कशावरून?”

“नसंल बी. मला काय दिसतंय? हाताला रेघा लागल्या, बास. तिची नसली तरी कुनाची तरी हायच की. तिनं बी चंद्राकडं नवं मागितलं असंल.”

“तू धागे काढतेस.”

“बीजंला काढती. तू गच्चीवरनं यिऊन सांगितलंस की जाती. तू जेवान करायला लागतीस तवा. गाठ तुज्यावानीच मारती, तुला कळू नये म्हनून.”

माझ्या अंगातून इतक्या दिवसांचा ताण उतरला. मला हसू आले आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आले. “तीन महिने मी घाबरून मेले, आई. तीन रेघा वाढल्या.”

“दोन,” आई म्हणाली.

“तीन. चौदा होत्या, सतरा झाल्या असतील. दर बीजेला एक.”

“श्रावनात तूच म्हनलीस, दिसला न्हाई. जो दिसला न्हाई त्याला कशाला काढू मी? आखाडात एक, काल एक. दोनच.”

मी वही आणली. श्रावणाच्या पुढे माझ्याच वाकड्या अक्षरात सोळा लिहिले होते. आईला ते वाचून दाखवले.

“तू चुकली असशील,” ती म्हणाली.

“असेन.”

वरून भाची खाली आली. “छान आले फोटो. आत्या, चिठ्ठी लिहितेस ना?”

“जरा पदर दे,” मी म्हणाले. ती समोर उभी राहिली. मी डब्यातून भिंग आणि टाचणी काढली आणि टाचणीच्या टोकाने एकेक रेघ मोजली. मोजताना भाचीचा श्वास माझ्या केसांवर येत होता. सतरा. पुन्हा मोजल्या. सतरा.

आईने विचारले नाही. मीही सांगितले नाही. पण माझे हात थांबलेले तिला कळले असावेत, कारण ती हळूच म्हणाली, “ज्याचं त्यानं घेतलं असंल एक.”

“काय चाललंय तुमचं?” भाची म्हणाली. “लिही ना गं. चाळीस वर्षांची तरी असेल. सरळ व्हिंटेज आहे.”

टाचणी माझ्या हातात होती आणि कोरी चिठ्ठीही. त्या चैत्रातल्या दुपारी जे म्हणूनही मला धरून ठेवता आले नव्हते, ते मी आता पुन्हा म्हणाले.

“नको. ही द्यायची नाही.”

“म्हणजे? व्हिंटेज नाही ही?”

“नाही. वापरात आहे अजून.”

भाचीने आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. मग ती आपल्याच अंगावरच्या साडीकडे पाहू लागली. तिचे हसू गेले होते.

“कोण वापरतंय?” तिने विचारले.

मी टाचणी डब्यात परत टाकली. भाची तशीच मागच्या खोलीत गेली, साडी बदलून आली आणि घडी करून तिने ती माझ्या नव्हे, आईच्या मांडीवर ठेवली. त्या बाईला तिने दुसरी कुठली तरी जांभळी साडी पाठवली.

आश्विनातली बीज नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी आली. या वेळी मी आईला हाताला धरून गच्चीवर नेले. तिच्या खांद्यावर ती इरकल होती. पश्चिमेला कोर नखाएवढी होती. आईने तिथे तोंड वळवले, जिथे मी सांगितले तिथे. “तू काढ,” ती म्हणाली. बिननावाच्या डब्यातली टाचणी मी बरोबर नेली होती. सतराव्या रेघेच्या खाली एक धागा उचलला, पेरभर काढला आणि कठड्यावर ठेवला. वारा नव्हता. जुने घे, एवढेच मी म्हणाले. नवे मागावेसे वाटले नाही.

“चल आता खाली,” आई म्हणाली. “मागं वळून बघू नको.”

जिन्याच्या तोंडाशी पोचताना पाठीमागे कठड्याजवळ कापडाची सळसळ झाल्यासारखे वाटले. साडी तर आईच्या खांद्यावर होती. आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला, म्हणजे तिनेही ते ऐकले असावे. मी वळून पाहिले नाही. खाली येऊन साडी फडक्यात बांधली आणि रेघा मोजल्या नाहीत.